पहिल्या नोंदीतला श्री
मशीन ऑइलमध्ये भिजलेल्या झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. वालीवच्या एका पंपांच्या कारखान्यात मी महिनाभर खपून स्टोअरसाठी कॉम्प्युटरवर डेटाबेस केला होता: पार्टचं टेबल, नोंदी भरायचा फॉर्म आणि कमी पडलेल्या पार्टची ऑर्डर काढणारी क्वेरी. नोंदी दसऱ्यापासून सुरू करायच्या होत्या. त्या सकाळी लेथबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली, कीबोर्डच्या फटींत हळदकुंकू गेलं, तेही मी चालवून घेतलं. पण मालकांच्या वडिलांनी, आमच्या आप्पांनी, कोरा फॉर्म पाहिला आणि नव्या वहीवर लिहितात तसं पार्टच्या नावात एका बोटाने टाइप केलं, श्री. शिल्लक भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना, तर शिल्लक एक. पुढच्याच आठवड्यात क्वेरीने काढलेली ऑर्डर गेली आणि माणिकपूरच्या सप्लायरचा फोन आला, "साहेब, हा श्री कुठला पार्ट? पन्नास नग मागवलेत." मालक माझ्यावरच खेकसले, "बघून पाठवता येत नाही?" मी तडक ती नोंद उडवायला बसलो, तर मागे आप्पा. "अरे, पूजेचं कोणी पुसतं का?" मालक खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी प्रत्येक क्वेरीत 'श्री सोडून' अशी अट घालत बसलो. यंदा आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. जुना डेटा त्यात चढवताना माझे निम्मे पार्ट गळाले, व्हॉल्व्ह गेले, सील गेले. श्री मात्र पहिल्या नंबरावर आहे, शिल्लक एक.