साकवाचा अर्ज

सरकारवर इतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही; सरकारी नोकरांतही नाही. मी ग्रामसेवक म्हणून आरोंद्याच्या खाडीलगतच्या एका गावात रुजू झालो, त्या गावचे हे सरपंच. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, तेव्हा बाकी गावाने कूससुद्धा बदलली नाही, सरपंचांनी मात्र घरी सत्यनारायण घातला आणि प्रसाद देताना प्रत्येकाला सांगितलं, "आता राज्य आपल्या दारात इला!" पंचायतीची कचेरी म्हणजे शाळेच्या पडवीतली एक खोली. तिच्या उंबरठ्याबाहेर ते मला "काय रे, जेवलंस?" असं विचारत, वहाणा काढून आत आले की तोच प्रश्न "ग्रामसेवक, आपले भोजन झाले काय?" असा होई. ग्रामसभेला माणूस फिरकत नसे. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांकडे बघत बसायचो, आणि तीच सभा पुन्हा भरवून परिपत्रक वाचायचो. म्हणजे ते उभ्याने वाचायचे आणि मी जांभया आवरायचो. एकदा त्यांचीच म्हैस कुणाच्या तरी वायंगणाच्या भातशेतात शिरली. सरपंचांनी तिला स्वतः कोंडवाड्यात घातलं, सोडवण्याचा अर्ज स्वतःच लिहिला, आणि कचेरीची वेळ संपल्यामुळे त्याचा विचार दुसऱ्या दिवसावर ढकलला. त्यांची बायको, आमच्या काकी, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि दूध कोण काढतलो? तुमचा परिपत्रक?"

या माणसाचा जीव एका साकवात अडकला होता. खालची वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक व्हाळ होता. उन्हाळ्यात पोरंही उडी मारून जात, पण पावसाळ्यात तो माणसाला ओढून थेट खाडीत नेईल असा. दरवर्षी लोक माडाचे दोन ओंडके टाकून साकव करत. ओंडके शेवाळत. त्यावरूनच खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मासेवालीची सून पाटीसकट घसरली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून सरपंच सिमेंटच्या साकवासाठी अर्ज करत होते. ते सांगायचे, मी लिहायचो. दीड वर्षाने उत्तर आलं: सदर ठिकाणी साकव अस्तित्वात असल्याने नवीन साकवाची आवश्यकता दिसून येत नाही.

मला हसू आलं, तेही थकलेलं. सरपंचांना आलं नाही. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि म्हणाले, "ग्रामसेवक, यंदा ओंडके टाकायचे नाहीत. नसेल तेच मागता येतं."

"आणि लोकांनी जायचं कसं?"

"त्याची व्यवस्था पंचायत करील."

पंचायत म्हणजे ते स्वतः. साकव नसल्याचा नवा अर्ज मी त्याच दिवशी पाठवला. पाऊस धरला तसे पासष्टीचे सरपंच रोज सकाळ-संध्याकाळ धोतराचा काचा मारून मांडीभर पाण्यात उभे राहू लागले. एका हाताने भेंडीच्या झाडाच्या बुंध्याला बांधलेला दोर धरायचा आणि दुसऱ्याने माणूस पार करायचा. शाळेची पोरं खांद्यावर, माशांची पाटी डोक्यावर. मी काठावर, निरुपयोगी छत्री धरून. मासेवाली रोज ओरडायची, "सरपंचानु, घराक जावा! म्हातारपणी व्हावान जाशात!"

"ओव्हरसियर येतलो गो," ते पाण्यातून म्हणत, "तेका दाखवचा आसा."

ओव्हरसियर आले दिवाळीनंतर. तोवर पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. बूट हातात घेऊन त्यांनी व्हाळ पार केला, वहीत काही लिहिलं आणि शहाळं पिऊन गेले. त्या आठवड्यात सरपंचांना ताप भरला; छातीत कफ इतका, की वैद्य रोज येऊ लागले. अंथरुणातूनच त्यांनी राजीनामा लिहून तालुक्याला पाठवला. तिकडे सभापती दौऱ्यावर होते, मग मसुद्यात दोष निघाला. दोन महिने झाले तरी राजीनामा मंजूर होईना, आणि सुटू पाहणारा माणूस कायद्याने सरपंचच राहिला.

तेव्हा नोकरीत पहिल्यांदाच मी कुणी न सांगता पत्र लिहिलं. गेल्या पावसाळ्यात सरपंच समक्ष पाण्यात उभे राहिल्याने जीवितहानी झाली नाही. ते आता आजारी असल्याने येत्या पावसाळ्यात पाण्यात कोणी उभे राहावे, याबाबत आदेश व्हावेत. सरपंचांपुढे कागद धरला. आयुष्यात कधी न वाचता सही न केलेल्या त्या माणसाने उशीवर मान कलती ठेवूनच, एक ओळही न वाचता सही केली.

असा आदेश काढायला वर कुणी तयार झालं नसावं. साकव मंजूर झाला. शिमग्यानंतर काम सुरू होऊन मिरगाच्या आत पुरं झालं, आणि त्याच महिन्यात राजीनामाही मंजूर झाला.

श्रावणातल्या एका सकाळी मी सरपंचांना हात धरून व्हाळावर नेलं. आता ते सरपंच नव्हते, पण दुसरं काही म्हणणं मला जमलं नाही. बांधावर बसून ते कठड्याकडे बघत होते. खालून पाणी रोंरावत होतं. मासेवाली पाटी घेऊन आली आणि झपझप साकव ओलांडून गेली. ती खाली बघायलाही थांबली नाही.

"काय गो," त्यांनी मागून हाक मारली, "कसो वाटता साकव?"

ती वळली. "बरो आसा. पाय भिजनत नाय." मग पाटी सावरत थोडी थांबली. "पण तुमी थंय उभे आसलात, तेव्हा सकाळी बोलूक कोणतरी गावायचा."

एवढं बोलून ती बाजाराच्या वाटेला लागली. सरपंच हसले, आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली तरी त्या वाटेकडे बघत राहिले. कचेरी उघडायची वेळ झाली होती. मी उठलो नाही.