मेथडला दिलेला डबा

"मना डबा एकच शे, भाऊ! दुसरा कुठून आणू?"

शेजारच्या वर्गातून हा आवाज आला, की मी खडू खाली ठेवायचो. सर ॲरे शिकवताहेत. आता माझं गणित कोण ऐकणार?

जळगावच्या त्या कॉलेजात आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन आणि मे महिन्यात वनवास. असा एखादा प्राणी तुमच्याही ओळखीत असेल. सर जावा ही संगणकाची भाषा शिकवायचे. मेथडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या कामगाराला, ॲरे, म्हणजे एकाच जातीच्या मालाची रांग, दिला की काय होतं, हे फळाभर लिहूनही पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबाच काढला.

"नुसता आकडा दिला, तर मेथडला झेरॉक्स मिळते. झेरॉक्स फाडा, चुरगाळा, माझं काही जात नाही. ॲरेचं तसं नाही."

डबा शेवटच्या बाकावर गेला. आत वहिनींच्या हातचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. परत आला तेव्हा कांद्याची एक फोड उरली होती.

"पाहा! बदल तिकडे झाला आणि उपाशी कोण? मी. समजनं का?"

पोरं पक्की बेरकी. दर आठवड्याला कोणीतरी भोळा चेहरा करून उभं राहायचंच, "सर, ॲरेचं अजून नीट कळलं नाही." सरांना ही लबाडी कळत नव्हती असं समजू नका. कॅन्टीनचा गारढोण वडा चावत ते मला म्हणायचे, "शंका आली तर प्रयोग नको?" तिकडे घरी रिकामा डबा घासताना वहिनी खूश, पोरांनी चाटूनपुसून खाल्लं म्हणून.

एकदा मी उगाच चिकित्सा केली, "सर, मेथडकडे डबा कुठे जातो? डब्याचा पत्ता जातो."

"पत्ता सापडल्यावर पोरं थांबतात का, भाऊ?"



मग धुळ्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. ही हुकली तर शिकवणं सोडून जामनेरला मेहुण्याच्या पाइपांच्या दुकानात बसायचं, असं सरांच्या घरी ठरलं होतं. मुलाखतीत नमुना पाठ घ्यायचा होता. मी परोपरीने सांगितलं, डबा नेऊ नका. त्यांनी नेलाच. थेट अध्यक्षांच्या हातात दिला, "खा सर, नाहीतर सिद्ध कसं होणार?" अध्यक्षांनी तो दोन बोटांनी धरून शेजारच्याला दिला, त्याने पुढच्याला. टेबलाला फेरी मारून डबा जसाच्या तसा परत आला.

"मेथड रिकामीच होती, भाऊ," धुळ्याच्या बसस्टँडवरून त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि हसले. ते हसणं मला ऐकवेना. घरी भरलेला डबा पाहून वहिनींनी निकाल विचारलाच नाही.

त्यांच्या शेवटच्या तासाला मी मागे जाऊन बसलो. सवयीप्रमाणे एक पोरगी उठली, "सर, ॲरे." सरांनी निमूटपणे डबा दिला. आज त्याला परत यायला फार वेळ लागला. बाकांमध्ये खुसपुस, झाकणांचे आवाज. आला तेव्हा त्याचं झाकण बसत नव्हतं. भरीत तसंच, वर शेवभाजी, ठेचा, ढोकळा आणि कोणाचा तरी अर्धा उष्टा समोसा.

"अरे, एका ॲरेत एकाच प्रकारचा माल! हे कुठल्या जावात चालतं?"

वर्ग खदखदून हसला. सर चष्मा पुसत राहिले.

"खा ना सर," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही. घरी नेतो."

त्यांनी झाकण दाबून डबा रुमालात बांधला. फाटकापर्यंत मी सोबत गेलो. स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवत ते म्हणाले, "आजही भरलेलाच चाललाय, भाऊ. तिला वाटेल, पुन्हा कोणी हात लावला नाही."

मग किक मारली.

"दारातच उघडायला लावतो."