साखळी न विकणारे चाचा

कुत्र्याला अंगणातल्या खांबाला साखळीने बांधून तुम्ही आतून कडी लावून घेता, तेव्हा राखण कोण कोणाची करतं, याचा कधी विचार केला आहे का?

नसेलच केला. चामोर्शीच्या बाजारात टिनवाले चाचा हा प्रश्न साखळी मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. चाचा पत्र्याचं काम करत. पेट्या, चाळण्या, धान्याच्या कोठ्या, कंदिलाच्या टाक्या. चिंचेच्या झाडाखाली त्यांचं दुकान, म्हणजे एक ऐरण, एक पोतं आणि डोक्यावर फाटकी ताडपत्री. कोणी साखळी मागितली की त्यांची हातोडी थांबे. ते त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत पाहत, तंबाखूच्या खर्र्याची पिंक डाव्या बाजूला टाकत आणि म्हणत, "साकडी नाई विकत मी. जनावर बांधून बिबटाले जेवाले बोलवाचं असन तर दोर पुष्कळ भेटते बाजारात."

चाचांना माणसांचा तिटकारा आहे, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. त्यांना फक्त दिखाऊ माणसांचा तिटकारा होता. आता तालुक्यात तशीच माणसं जास्त निघाली, याला ते काय करणार?

आमची गावं जंगलाला चिकटलेली. बिबट दिवे लागायच्या सुमाराला गावाच्या कडेला येतो, आणि मोकळ्या जनावरामागे धावण्यापेक्षा बांधलेलं कुत्रं त्याला सोपं जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही ज्याच्या हातात चार पैसे खेळू लागले, त्याला पहिली हौस व्हायची ती चकचकीत साखळीची. साखळी दिसते ना रस्त्यावरून! चाचा त्याऐवजी पट्टा करून देत. ट्रकच्या जुन्या टायरची रुंद पट्टी, तिच्यातून बाहेर टोकं काढलेले खिळे, आणि खिळ्यांची डोकी मानेला बोचू नयेत म्हणून आतून रबराचं अस्तर. बिबट मान धरतो, म्हणून मानेला काटे. पट्टा दिवेलागणीला घालायचा, सकाळी काढायचा, आणि कुत्रं मोकळं ठेवायचं किंवा घरात घ्यायचं. इतकं सोपं होतं ते, म्हणूनच कोणाला पटत नसे.

आमचा आणि चाचांचा संबंध आला तो माझ्या बाबांच्या मूर्खपणामुळे. आम्ही ढिवर. तलाव आणि वैनगंगा, यांवर आमचं पोट. बाबा गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाले होते आणि तलाव ठेकेदाराच्या घशातून काढायला भांडत होते. आमच्या घरात देवाच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. 'तलाव कोणाचा? जाळं टाकणाऱ्याचा!' या ओळीवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. माणसामाणसांत उच्चनीच मानणाऱ्यांचा धिक्कार बाबा महिन्यातून दोनदा छापून आणत. आणि अध्यक्ष झाल्यावर या धिक्कार करणाऱ्या माणसाला काय हवंसं वाटलं? अल्सेशियन. का? तर ठेकेदाराकडे होता. त्याचा टायगर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून फिरे, आणि लोक टायगरलाही नमस्कार करतील की काय, अशी परिस्थिती होती.

नव्वदच्या दशकाची ती अखेर. मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. बाबा मला घेऊन बाजारात गेले आणि साखळी मागायला नेमके चाचांपुढे उभे राहिले.

"काय करता भाऊ साकडीचं?"

"कुत्रं आणून राह्यलो चाचा. नागपूरवरून. जातिवंत. अल्सेशियन."

"त्याच्यासाठी बरफाचा कारखाना बी आणून राह्यले का?"

शेजारचा मिरचीवाला खो खो हसला. चाचा हसले नाहीत. "मे मयन्यात आपली जीभ टाळूले चिकटते. ते बिचारं थंड्या मुलखातलं. ठेकेदाराच्या टायगरले दुपारी पाह्यलं का कधी? मोरीत पडून राह्यते. रुबाब सारा जीपवरचा."

"पन लोकायवर वजन पडते, चाचा."

"वजन पाडाचं असन तर मायी कोठी घेऊन जा. दारात उभी राह्यते, खात बी नाई."

बाबांचा चेहरा उतरला. तेव्हा चाचांनी हातोडी खाली ठेवली आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "राखणीले पायजे ना भाऊ? मंग क्रॉस घ्या. चला, दाखवतो."

गोष्ट अशी होती की जीपवरच्या त्या टायगरने राईस मिलमागच्या गावठी कुत्रीशी सोयरीक जुळवली होती. पिल्लं झाली, गावभर बोभाटा झाला, आणि टायगरचं नाव खराब होतं म्हणून ठेकेदाराने ती पिल्लं पोत्यात घालून नदीत सोडायला माणूस धाडला. तो माणूस मालकापेक्षा बरा निघाला. त्याने पोतं चाचांच्या दुकानात ठेवलं आणि नदीवर जाऊन आल्याचं मालकाला सांगितलं. चाचांनी पिल्लं पुन्हा आईपाशी नेऊन ठेवली.

मिलमागे कोंड्याच्या ढिगाशी पाच पिल्लं लोळत होती. बाबांनी लगेच सगळ्यांत थोराड, दोन्ही कान उभे असलेल्या नराकडे बोट दाखवलं. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही. ते आधी कुत्रीपाशी बसले. तिला भाकरी टाकली, ती खात असताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गुरगुरली नाही. "माय पाह्य पहिले," ते मला म्हणाले, "बाप तर जीपमंदी बसून असते." मग त्यांनी झोळीतून रिकामा डबा काढला आणि पिल्लांच्या मागे धाडकन आपटला.

बाबांचा नर जो पळाला तो पोत्यांमागून निघेचना. दुसरं एक डब्यावर भुंकत धावून गेलं आणि भुंकतच राहिलं. दोघं आईला बिलगली. पाचवं, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला, दचकून चार पावलं मागे सरलं. थांबलं. मग हळूहळू परत आलं आणि त्याने डबा हुंगला.

"हे घ्या," चाचा म्हणाले. "डरते, पन पाहाले वापस येते. जे डरत नाई ते जंगलात मरते. जे नुसतं डरते ते काई कामाचं नाई."

बाबांनी पिल्लू उलटं करून पाहिलं. "चाचा, मादी हाये हे. मादी नको."

"काऊन? तुमच्या घरी बी पोरगीच हाये ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लू पिशवीत घातलं. स्त्रीमुक्तीवरची आमच्या घरातली सगळी पत्रकं एका बाजूला आणि चाचांचं ते एक वाक्य एका बाजूला. मोहाच्या बीला आमच्याकडे टोरी म्हणतात. पिल्लाचा रंग अगदी तसाच, तेलकट तपकिरी. तिचं नाव टोरी ठेवलं.

पट्टा मात्र चाचांनी लगेच दिला नाही. "अगुदर इंजेक्शन," ते म्हणाले. क्रॉस कुत्रीला सुई टोचायला सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेतात हे पाहून रस्त्यातली माणसं फिदीफिदी हसली. माणसाला कुत्रं चावल्यावर मांत्रिकाकडे नेणारी माणसं ती, त्यांच्या हसण्याला काय किंमत? दवाखान्याचा कागद पाहिल्यावर चाचांनी सुतळीने टोरीच्या मानेचं माप घेतलं. मानेत आणि पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत, कमी नाही, जास्त नाही. ती वाढत होती तोवर दर महिन्याला मला बोलावून त्यांनी पट्टा उसवून नवा केला. मी एकदा बाजार चुकवला, तर पुढच्या बाजारी ऐकावं लागलं, "तुयी मान वाढली नाई वाटते, तिची वाढली."

उन्हाळ्यात तिच्या दाट केसांना पाहून गावातला प्रत्येक शहाणा सांगे, भादरून टाका. चाचा म्हणाले, "छप्पर हाये ते तिचं. उन्हाळ्यात घराचं छप्पर काढता का?" गोचिडांना करंजाचं तेल, दुपारी ओला बारदाना, आणि खायला तांदळाच्या कण्यांत शिजवलेली मासळीची डोकी, काटे काढून. काटे मी बसून काढायची. बाबा कुरकुरत, आणि मग कोणी पाहत नाही असं पाहून तेही काटे काढत.

टोरी दोन वर्षांची असताना एका संध्याकाळी शेळ्यांच्या कोठ्यापाशी बिबट आला. टोरी मोकळी होती. झटापट झाली, आम्ही टेंभे घेऊन धावलो, तर बिबट गेलेला आणि टोरी कोठ्याच्या दारात पाय रोवून उभी. टायरच्या रबरावर दातांच्या खोल खुणा, आणि चार खिळे वाकलेले. शेळ्या सगळ्या जागेवर. दुसऱ्या दिवशी तो पट्टा घेऊन मी चाचांकडे धावले. मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःची पाठ थोपटून घेईल. त्यांनी वाकडे खिळे काढून नवे ठोकले आणि विचारलं, "जेवली का ते?"

इथवरचं लिहायला मला सोपं गेलं. पुढचं लिहिताना ज्या माणसाची कीव येते आणि किळसही, ती मी आहे.

तलावाच्या चौकशीसाठी जिल्ह्याहून एक साहेब आमच्या घरी येणार होते. निवेदन मी लिहिलं होतं, वाचणारही मीच. अंगण सारवलं, खुर्च्या मागून आणल्या. आणि दिवेलागणीला टोरीच्या गळ्यात पडणारा टायर माझ्या डोळ्यांत सलू लागला. साहेब काय म्हणतील? चंद्रपूरहून आणलेला लाल चामड्याचा पट्टा आणि लखलखती साखळी मी आधीच पेटीत ठेवली होती. चाचांपासून लपवून, होय. मी टायरचा पट्टा खुंटीलाच राहू दिला, लाल पट्टा घातला आणि टोरीला फाटकाजवळच्या खांबाला बांधलं, येणाऱ्याला आधी तीच दिसावी म्हणून. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला बांधलेलं माहीतच नव्हतं.

साहेब आले. "वा! अल्सेशियन का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो."

"प्युअर?"

"हो. नागपूरचा."

कुत्रीचा मी कुत्राही करून टाकला. पडलेला कान साहेबांना दिसला नाही, कारण मी मध्ये उभी होते. मग आम्ही आत बसलो. दिवस कलला, बैठक लांबली. सगळी माणसं समान आहेत हा परिच्छेद मी खणखणीत आवाजात वाचत असताना टोरी दोनदा भुंकली. तिसऱ्यांदा साखळी वाजली. मी परिच्छेद पुरा केला. साहेबांसमोर मध्येच कसं उठायचं?

बाहेर आलो तेव्हा साखळी खांबाला होती, टोकाला तुटलेला लाल पट्टा. सारवलेल्या अंगणातून घाणेरीच्या झुडपांपर्यंत ओढत नेल्याची एक रेघ. साहेब म्हणाले, "अरेरे, महागाचं जनावर गेलं." तलावाचं काम त्या दिवशी झालं नाही, पुढेही बरीच वर्षं झालं नाही.

पुढच्या बाजारी मी ती साखळी घेऊन चाचांपुढे उभी राहिले आणि पट्ट्याचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी साखळीकडे पाहिलं आणि विचारलं, "पट्टा कुठी होता?"

"खुंटीला."

मी त्या पिंकेची वाट पाहत होते. आयुष्यात एकदा ती माझ्यासाठी पडायला हवी होती, मला ती हवीच होती. चाचा थुंकले नाहीत. हातातल्या चाळणीची कड त्यांनी दुमडून पुरी केली. मग म्हणाले, "तू डरली होती का, बेटा? सायबाले?"

"हो."

"डरनं वाईट नाई. आवाज आयकून बी पाहाले उठली नाई तू. ते वाईट."

त्यांनी साखळी घेतली, ऐरणीवर ठेवली आणि एकेक कडी ठोकून सपाट केली. कोणाच्याही गळ्यात ती पुन्हा पडू नये म्हणून. मी शेवटची कडी होईपर्यंत उभी होते.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, मी गडचिरोलीला शिकत असताना, चाचा उन्हाळ्यात गेले. मला उशिरा कळलं. चिंचेखाली आता दुसऱ्याच कोणाचं दुकान आहे. तिथे साखळ्या टांगलेल्या असतात, पितळी, निकेलच्या, गुलाबीसुद्धा. गिऱ्हाईक खूप असतं. पोंभुर्ण्याकडे जाताना रस्त्यालगतच्या एकेका नव्या बंगल्यापुढे मी त्या साखळ्या कुत्र्यांच्या गळ्यांत पाहते, आणि फलकही वाचते, 'कुत्र्यापासून सावधान'. सावध व्हायचं कोणी, हे कुत्र्याला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं.

राईस मिलच्या त्या कुत्रीच्या वंशातली एक माझ्याकडे आहे. हिचे दोन्ही कान पडलेले. दिवेलागणीला तिच्या गळ्यात टोरीचाच पट्टा असतो, दातांच्या खुणांसकट. खिळे बदलायला मी शिकले, पण चाचांइतके सरळ बसत नाहीत. येणारे जाणारे विचारतात, कोणत्या जातीची? मी सांगते, ठेकेदाराच्या टायगरची आणि मिलमागच्या कुत्रीची.

वाचकहो, तुम्हाला माझं लिखाण आवडलं की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. आज दिवे लागायच्या आत एवढं करा. उठा, अंगणातल्या खांबापाशी जा, साखळी काढा आणि त्या मुक्या जिवाला घरात घ्या. पाहुणे बसले असतील, तर बसू द्या.