डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचं आहे

मंडळी, आत्ताच पनवेलच्या हॉस्पिटलातून चौकला घरी आले.

कळंबला माझ्या भावाची सहा वर्षांची मुलगी आहे, तन्वी. तिच्या शीतून अधूनमधून रक्त जायचं. माझी आई दर वेळी वहिनीलाच बोलायची, "तू काय बी खायला घालतीस तिला, म्हनून हाय हे."

आज सकाळी खूपच रक्त गेलं, पोर पांढरीफटक पडली. तातडीने ऑपरेशन करावं लागलं.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याला जन्मापासूनच एक छोटी पिशवी होती. रक्त त्यामुळेच जात होतं. ती कापून काढलीय. खाण्याचा काही संबंध नव्हता."

मला वाटलं, आता तरी वहिनीच्या मनावरचं ओझं उतरेल. तिने माझा हात घट्ट धरला. "वन्सं, जन्मापासून म्हंजी माज्याच पोटात झालं ना वो ते?"

"नाय गं, यात कोणाचीच चूक नाय," मी म्हटलं. आई समोरच बसली होती.

तन्वी आयसीयूत आहे, अजून धोका टळलेला नाही. मी निघाले तेव्हा वहिनी काचेपलीकडच्या लेकीची माफी मागत होती.

घरात पोर आजारी पडलं की आपण सगळ्यात आधी तिच्या आईकडेच बोट का दाखवतो?