नदीकाठची पट्टी

आमच्या खोऱ्यात तिला तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे तोफ. नवरा लवकर गेला, मुलगा परगावी नोकरीला. मेंढ्या, लोकरीची शेड आणि नदीकाठचं हिरवंगार कुरण ती आणि तिची सून दोघीच सांभाळत. तिच्याशी भांडण झालं नाही असा माणूस खोऱ्यात शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागला असता.

त्या वर्षी लांडग्यांनी तिच्या बऱ्याच मेंढ्या उचलल्या. काकू तडक वनखात्याच्या ऑफिसात गेली आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "विष द्या. तुम्ही देत नसाल तर मी आणते."

टेबलापलीकडे नव्याने बदलून आलेली अधिकारी बाई होती. तिने काकूला बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग तिने आपला बेत सांगितला. डोंगरापासून खालच्या माळापर्यंत नदीच्या काठाने एक सलग पट्टी मोकळी ठेवायची. तिथे कुंपण नको, नांगर नको. हरणं त्या वाटेने खाली-वर करतील, लांडगे त्यांच्या मागे राहतील. मेंढ्यांनीही तिथे चरायचं, पण पाळीपाळीने, म्हणजे गवताला उसंत मिळेल. अडचण एवढीच, की पट्टी वीसेक जणांच्या जमिनींतून जात होती आणि त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"आणि माझं कुरण?" काकूने विचारलं.

"ते बरोबर मधोमध येतं, काकू."

"म्हणजे मेंढ्या गेल्या, आता कुरणही द्या. वा!" काकू उठून चालती झाली.

सगळ्यांना एकत्र बसवायचं म्हटलं तरी जागेचा प्रश्न आला. सफरचंदांची बाग असलेला बागवाला नदीवर पाणचक्की चालवणाऱ्या गिरणीवाल्याच्या दारात पाऊल टाकायला तयार नव्हता. पाण्यावरून त्यांचं जुनं वैर. गिरणीवाला सरकारी ऑफिसची पायरी चढणार नव्हता. राहिली काकूची शेड. काकूचं सगळ्यांशीच वाकडं असल्यामुळे ती कुणाच्याच बाजूची नव्हती. सुनेने भीत भीत विचारलं, तर काकू म्हणाली, "येऊ देत की. माझ्याविरुद्ध काय शिजतंय ते माझ्या डोळ्यांसमोर शिजू दे."

लोकरीच्या गाठोड्यांवर माणसं बसली. काकू कोपऱ्यात लोकर पिंजत होती, जसं काही आपला संबंधच नाही. चहा संपायच्या आत बागवाला आणि गिरणीवाला उभे राहून एकमेकांचे वाडवडील काढू लागले. काकूने हातातली लोकर खाली टाकली.

"ए! या शेडमध्ये भांडायचा हक्क फक्त माझा. खाली बसा दोघंही. आणि एकेकाने बोला, दोघं एकदम बोललात तर मला काही कळत नाही."

"म्हणजे तुम्ही ऐकताय तर!" अधिकारी बाई म्हणाली. सगळी शेड हसली. काकूलाही हसू आलं, पण तिने ते लोकरीत लपवलं.

त्यानंतर कुणी कधी बोलायचं ते काकूच ठरवू लागली. कुणी तिला अध्यक्ष नेमलं नव्हतं आणि उठवायची कुणाची छातीही नव्हती. आपल्या कुरणाचा विषय निघाला की मात्र ती म्हणे, "मी लोकांना गप्प बसवते. जमीन देते असं म्हटलेलं नाही."

एका बैठकीत अधिकारी बाई म्हणाली, की बागेच्या नव्या उंच कुंपणामुळे हरणांची वाट अडली आहे. ती वळसा घालून काकूच्या बाजूने उतरतात आणि त्यांच्या मागे लांडगे येतात. काकूला ते पटलं नाही. सकाळी सुनेला घेऊन ती स्वतःच बघायला निघाली.

कुंपणाच्या तारांत एक हरणाचं पाडस अडकलं होतं. बागवाला हातात पक्कड घेऊन शेजारी उभा होता. पाडस इतकं तडफडत होतं, की त्याला जवळ जाता येईना.

"बघत काय राहिलायस?" काकूने खांद्यावरचं कांबळं पाडसाच्या डोक्यावर टाकलं आणि त्याला घट्ट धरलं. "काप आता!"

तार तुटली. पाडस थोडा वेळ तसंच पडून राहिलं. बागवाला पक्कड बाजूला ठेवून खाली बसला.

"गेल्या हिवाळ्यात हरणांनी निम्म्या झाडांची साल सोलून खाल्ली, काकू. माझ्या वडिलांनी लावलेली झाडं. हौस म्हणून नाही घातलं हे कुंपण."

काकू त्याला पैसेवाला, माजलेला समजत आली होती. ती त्याच्या शेजारी बसली. "माझ्या मेंढ्या गेल्या तेव्हा मलाही घास गिळवत नव्हता," ती म्हणाली.

तेवढ्यात पाडस उठलं. कुंपणाच्या कडेकडेने धावत गेलं, कुठे फट मिळते का बघत राहिलं आणि कोपऱ्यावरून वळून थेट काकूच्या मेंढवाड्याच्या दिशेने उतरलं. दोघंही बघत राहिले.

घरी येताना सुनेने विचारलं, "आई, कसला विचार करताय?"

"गप गं. मनाची समजूत काढतेय."

पुढच्या बैठकीत काकूच पहिली बोलली. "माझं कुरण पट्टीत घ्या. पण बागवाल्याने नदीकडचं कुंपण मागे घ्यायचं, आणि उरलेल्या झाडांना जाळी वनखात्याने द्यायची. गिरणीवाल्याने रात्री पाणी खाली सोडायचं. आणि कुरणाच्या बदल्यात डोंगरावरच्या सामाईक रानात माझ्या मेंढ्यांना सगळ्यांबरोबर जागा हवी."

बागवाल्याने हात वर केला. गिरणीवाला खाकरला, "रात्री तसंही दळण नसतंच म्हणा." मग एकेक करून बाकीचे आले.

अडला तो काकूचा सख्खा दीर. ती त्याच्याकडे गेली, आयुष्यात पहिल्यांदा मऊ आवाजात बोलली. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही जन्मभर माझ्यावर ओरडलात. आज गोड बोलताय म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे." काकू हात हलवत परत आली. ते तिला फार लागलं. त्या रात्री ती जेवली नाही. पट्टी शेवटी दिराच्या शेताला वळसा घालून खडकाळ भागातून न्यावी लागली. सुरुवातीला हरणं तिथे येऊन थबकायची, माघारी फिरायची. हळूहळू जाऊ लागली.

लांडगे संपले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा एक मेंढी नेली. काकूने भर बैठकीत अधिकारी बाईला फैलावर घेतलं, मनसोक्त रडली आणि मग राखणीला दोन कुत्री मागून घेतली. विषाचं नाव मात्र काढलं नाही.

उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या वरच्या रानात एकत्र चरल्या. खाली उतरवल्यावर ज्याच्या त्याच्या वेगळ्या करायचं काम निघालं. मेंढ्यांच्या कानांवर खुणा होत्या, पण एका कोकराचा कान फाटलेला होता. काकू म्हणे माझं, गिरणीवाला म्हणे माझं. दुपार टळली तरी दोघं हटेनात. शेवटी काकूने कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं.

"घे बाबा. तुझ्याकडे आधीच मोजक्या आहेत."

घरी जाताना वळणावर आल्यावर ती सुनेला म्हणाली, "माझंच होतं ते."

"माहीत आहे, आई," सून म्हणाली.