एका गावाच्या नोटा

प्रदर्शनात दोन नोटा शेजारी शेजारी मांडल्या होत्या, पोस्टाच्या तिकिटाहून जरा मोठ्या. परदेशातल्या दोन शेजारगावांच्या. युद्धात सगळा धातू तोफांकडे गेला, सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या नगरपालिकांनी छापलेल्या. असल्या नोटा जमवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. साल एक, छपाई सारखीच. पण एक नोट दोन हजारांना आणि दुसरी वीस रुपयांना. मी अर्थातच स्वस्तातल्या दहा घेतल्या आणि घरी येऊन खुशीत बायकोपुढे मांडल्या.

तिने एक उलटी करून मागच्या मजकुराचा अर्थ विचारला. मी सांगितला, "युद्ध संपल्यावर ही कचेरीत आणा आणि खरी नाणी घेऊन जा. आलेल्या नोटा मग कचेरीवाले जाळून टाकायचे."

"मग या दहा नोटांची माणसं आलीच नाहीत म्हणायची."

मी चिडलोच. कुणी विसरले असतील, कुणी आठवण म्हणून ठेवल्या असतील, म्हटलं. पण युद्धातून उपाशी निघालेला माणूस हातची नाणी आठवणीसाठी सोडतो होय? महागड्या नोटेच्या गावात जवळजवळ सगळे रांगेत उभे राहिले असतील. म्हणून तर ती नोट आज दुर्मीळ.

आणि हे वीस रुपयांचं गाव? विक्रेता जाडजूड गठ्ठा सोडत म्हणाला होता, "घ्या हो साहेब, या गावच्या हव्या तेवढ्या मिळतात."