तीन अक्षरांचा दंड

"सर, युअर व्हेइकल इज ब्लॅकलिस्टेड," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. फोन करणारे गृहस्थ एका हॉस्पिटलच्या पार्किंगच्या गेटवर गाडीत बसले होते. समोरचा दांडा वर जात नव्हता आणि मागे रांग लागली होती.

"मॅडम, माय वाइफ डायलिसिस. आय हॅव कार्ड. आय ऑलवेज पार्किंग ओन्ली..." ते अडखळले. मग वैतागून म्हणाले, "निळ्या जागेतच लावतो ना मी. निळ्या जागेला इंग्लिशमध्ये काय म्हणतात कोण जाणे."

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. इंग्लिश किंवा अरबीतच बोलायचं असा नियम आहे. मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "काका, किती वेळ लावली होती गाडी?"

मग ते म्हणाले, "मराठी आहेस? मग मघापासून माझ्या इंग्लिशची परीक्षा कशाला घेतेस?"

मी दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एका पार्किंग कंपनीत अपील डेस्कवर काम करते. रस्त्याकडेचं पार्किंग सरकारचं असतं. पण मॉल, टॉवर, हॉस्पिटल यांच्या आवारातलं पार्किंग बहुतेक वेळा आमच्यासारख्या खासगी कंपन्या सांभाळतात. तिकीट नसतं. गेटवरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि दांडा वर जातो. राखीव जागांवर वेगळे कॅमेरे असतात. नियम मोडला की दंडाचा मेसेज थेट फोनवर येतो. दंड मान्य नसेल तर अपील करायचं. पहिल्या अपिलाला सिस्टीम स्वतःच उत्तर देते, त्यानंतरचं माझ्याकडे येतं. तीन दंड थकले की गाडी ब्लॅकलिस्टमध्ये जाते, म्हणजे कॅमेरा तिला ओळखतो पण आत घेत नाही.

काकांचं नाव हनीफ मुकादम. मूळचे म्हसळ्याकडचे, बर दुबई भागात मीना बझारमध्ये कापडाचं दुकान. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजवा पाय अधू. त्यांच्या गाडीचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायचे आहेत. त्यांच्याकडे अपंगांसाठीच्या निळ्या जागेत गाडी लावण्याचा सरकारी परवाना होता आणि तो हॉस्पिटलच्या काउंटरवर नोंदवलेलाही होता. माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण दिसत होती. कॅटेगरी पीओडी, परवाना व्हेरिफाइड. तिन्ही दंडांचं कारण मात्र एकच होतं, ओव्हरस्टे. म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबणं.

त्या दिवशी आमचे मॅनेजर जोसेफ सर यांना विचारून मी दांडा उघडायला लावला. "वन टाइम कर्टसी," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नाही. कॅमेऱ्याचं कुणाशी वैर नसतं."

त्यांची बायको, म्हणजे चाची, आत डायलिसिसला गेल्यावर काकांनी पुन्हा फोन केला.

"परवा पुन्हा यायचंय आम्हाला. तेव्हा उघडणार का गेट?"

"दंड भरलात तर तीन वर्किंग डेजमध्ये ब्लॅकलिस्टमधून नाव निघतं, काका."

"परवाला तीन दिवस होतात का? आणि एकेक दंड दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, पोरी. आजचा भरला की परवा नवा येणार. तिला मशीनवर चार तास लागतात. मी काय तिला अर्ध्यातून उठवून आणू?"

"बाहेर लावता येणार नाही का?"

"समोर रेतीचं मैदान आहे. मला कुबडी, तिला व्हीलचेअर. कुबडी धरू की चेअर ढकलू, तू सांग."

"टॅक्सी?"

"टॅक्सीवाला व्हीलचेअर बघितली की ट्रिप कॅन्सल करतो. मागे एकदा अशीच वेळ चुकली तर हिच्या छातीत पाणी भरलं. चार दिवस आयसीयूत होती." मग जरा हसून म्हणाले, "आणि एक विचारू? निळ्या जागेत अर्धा वेळ त्या शावरमावाल्याची व्हॅन असते. त्याला नाही का दंड?"

मी शावरमाची व्हॅनही वहीत लिहून घेतली. "बघते" एवढंच म्हणाले.

सोमवार होता. त्यांची पुढची वेळ बुधवारी दुपारची.

मी त्या हॉस्पिटलच्या पीओडी कॅटेगरीतल्या सगळ्या गाड्या काढल्या. इथे अपंग हा शब्द वापरत नाहीत. सरकारी शब्द आहे पीपल ऑफ डिटर्मिनेशन, म्हणजे निश्चयाची माणसं. बोलताना, फॉर्मवर, बोर्डवर सगळीकडे त्याचं पीओडी होतं. यादीतल्या बहुतेक प्रत्येकाला दंड झाला होता. सगळ्यांना ओव्हरस्टे आणि सगळ्यांना वीस मिनिटांची मर्यादा. निळ्या जागेला मर्यादा नसते, हे आमच्याच बोर्डवर लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट विचित्र होती. परवाना असूनही ज्यांनी काउंटरवर नोंद केली नव्हती, कार्ड नुसतं काचेपाशी ठेवलं होतं, त्यांना ओव्हरस्टेचा एकही दंड नव्हता. नियम नीट पाळणारेच अडकत होते.

माझ्या शेजारी बिलाल बसतो. कराचीचा आहे. कोणत्या कॅटेगरीला किती वेळ द्यायचा हे सिस्टीममध्ये तोच भरतो. आधी तो जेबेल अलीला एका कुरियर कंपनीत होता. मला स्वतःहून कुणाशी बोलायला वेळ लागतो, त्यामुळे मंगळवारी जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी थांबले.

"बिलालभाई, पीओडीला वीसच मिनिटं का दिली आहेत?"

तो बिर्याणीतून वर न बघता म्हणाला, "बीस बहोत हैं. जादा दो तो वहीं सो जाते हैं."

"कोण झोपतात?"

"डिलिव्हरीवाले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पीओडी म्हणजे काय?"

आता त्यानं वर पाहिलं. मला साधी गोष्ट माहीत नाही याची त्याला कीव आली असावी. "प्रूफ ऑफ डिलिव्हरी. और क्या?"

कुरियरच्या धंद्यात सामान पोचल्यावर जी सही घेतात तिला पीओडी म्हणतात. त्यानं आयुष्यभर तोच शब्द तसाच ऐकला होता. कॅटेगरींची यादी आली तेव्हा पीओडी पाहून त्याला वाटलं, सामान पोचवणाऱ्या गाड्या. त्यांना त्यानं वीस मिनिटं फुकट दिली. तिकडे हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी परवाना बघून इमानानं पीओडी निवडत होती. इकडे बिलाल डिलिव्हरीच्या गाड्यांची नोंदही त्याच नावाखाली करत होता. म्हणून शावरमावाला निळ्या जागेत निवांत उभा राहत होता. तो वीस मिनिटांत निघून जायचा. हनीफकाका चार तास थांबायचे.

मी बिलालला सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला. "या अल्लाह," एवढंच म्हणाला आणि डबा बंद केला.

आम्ही दोघं जोसेफ सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. पण त्या हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि त्याची मीटिंग दुसऱ्याच दिवशी सकाळी होती.

"उद्या हा विषय नको," ते म्हणाले. "रिन्यूअल होऊ दे. मग हळूच दुरुस्त करू."

"सर, मुकादमांना उद्या दुपारी आत जायचंय."

"एकाला ब्लॅकलिस्टमधून काढलं तर का काढलं ते लॉगमध्ये लिहावं लागेल. मग बाकीचेही विचारणार. थोडं थांब. इन्शाल्ला, होईल."

दुबईत वाढलेल्या माणसाला इन्शाल्लाच्या सुरावरून त्याचा अर्थ कळतो. हा लांबणीवर टाकणारा इन्शाल्ला होता. मी जागेवर येऊन सगळं सविस्तर मेलमध्ये लिहिलं, यादी जोडली आणि जोसेफ सरांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: नोटेड.

बुधवारी मीटिंग हॉस्पिटलमध्येच होती. मी मिनिट्स लिहायला आणि बिलाल लॅपटॉप चालवायला. हॉस्पिटलकडून हाला मॅडम होत्या. इमारत, पार्किंग, सिक्युरिटी सगळं त्यांच्याकडे. उंच, झटपट बोलणाऱ्या बाई. अशा मीटिंगमध्ये मी आजवर पाण्याची बाटली पुढे सरकवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

जोसेफ सरांनी आकडे दाखवले. तक्रारींचा विषय आला तेव्हा म्हणाले, "एकदोन आयसोलेटेड केसेस आहेत. वुई आर लुकिंग इन्टू इट."

"गुड," हाला मॅडम म्हणाल्या. "खलास? आणखी काही?"

मला मिनिट्समध्ये लिहायचं होतं, 'आयसोलेटेड केसेस'. मी 'आयसो' पर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

"मॅडम, एक विचारू?" माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुढे वाकावं लागलं. "पीओडी म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "पीपल ऑफ डिटर्मिनेशन. इथे राहून तुला हे माहीत नाही?"

"माहीत आहे, मॅडम. आता बिलालला विचाराल का?"

जोसेफ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बिलालनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग खाली बघून म्हणाला, "मॅडम, प्रूफ ऑफ डिलिव्हरी."

हाला मॅडम हसल्या. आम्ही कुणीच हसत नाही हे दिसल्यावर त्या थांबल्या.

"म्हणजे माझ्या व्हीलचेअरवाल्या पेशंटना तुम्ही पार्सल समजत होता?"

"व्हॅन, मॅडम," बिलाल म्हणाला. "पार्सलची व्हॅन."

मग मी सगळं सांगितलं. यादी दाखवली, नोंदलेल्या आणि न नोंदलेल्या गाड्यांतला फरक दाखवला. शेवटी म्हणाले, "यातली एक गाडी आज दुपारी गेटवर येणार आहे. आत्ताच्या घडीला गेट उघडणार नाही. त्यांच्या बायकोचं डायलिसिस आहे."

हाला मॅडमनी वही मिटली. "जोसेफ, मी या खोलीतून बाहेर जाण्याआधी सगळी यादी ब्लॅकलिस्टमधून काढ. दंड सगळे कॅन्सल. ज्यांनी भरले त्यांना परत. यल्ला, लवकर."

बिलालनं लॅपटॉप आधीच ओढला होता. तीन वर्किंग डेजचं काम त्यानं हाला मॅडमची कॉफी संपायच्या आत केलं.

लिफ्टमध्ये जोसेफ सर म्हणाले, "मला आधी नीट सांगायला हवं होतंस."

"मेल केला होता, सर. तुम्ही नोटेड म्हणालात."

त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं.

दुपारी मी गेटपाशी जाऊन उभी राहिले. मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एक जुनी पांढरी गाडी आली. कॅमेऱ्यानं प्लेट वाचली आणि दांडा वर गेला. गाडी मात्र पुढे जाईना. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून दांड्याकडे बघत सिक्युरिटीला विचारलं, "भाई, ये नीचे तो नहीं गिरेगा?"

"नाही पडणार, काका. जा आत," मी म्हणाले.

त्यांनी आवाज ओळखला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का ती? एवढीशी?"

मागच्या सीटवरून चाची म्हणाल्या, "अहो, आधी गाडी आत घ्या. पोरीचं वय नंतर विचारा. मागे लोक शिव्या घालतायत."

गाडी आत गेली. निळी जागा रिकामी होती. त्यांनी सावकाश, अगदी मधोमध गाडी लावली.

महिन्याभरात सगळ्यांचे पैसे परत गेले. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. हाला मॅडमनी त्यात एक अट टाकली, की पार्किंगच्या प्रत्येक मीटिंगमध्ये अपील डेस्कनं आपलं म्हणणं स्वतः मांडायचं. म्हणजे दर महिन्याला मला सगळ्यांसमोर बोलावं लागतं. आदल्या रात्री सगळं कागदावर लिहून काढते आणि बोलते.

आता कॅटेगरींच्या यादीत पूर्ण शब्द लिहिलेले असतात. ते स्क्रीनवर मावत नाहीत, बाजूला सरकवून वाचावे लागतात. बिलाल रोज कुरकुरतो. मी त्याला सांगते, जो शब्द सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं, तो निदान दोघांना वेगवेगळं विचारून बघावा.